सोडायला जागा

प्रेमानंद गजभियेला साप पकडायची भीती कधी वाटली नाही. पकडलेला साप सोडायचा कुठं, या विचारानं मात्र अलीकडे त्याची झोप उडाली होती.

भिलाईत त्याला 'सापवाले गजभिये' म्हणत. कैंप-1 मध्ये कुणाच्या मोरीतून नाग आत शिरला, सिविक सेंटरच्या मागे एखाद्या गोदामात धामण निघाली, सेक्टरमधल्या क्वार्टरात कुंडीखाली घोणस दिसली, की फोन त्यालाच यायचा. सकाळची ए-शिफ्ट करून जेवायला बसलेला माणूस अर्ध्या ताटावरून उठायचा. स्कूटरच्या डिकीत लोखंडी आकडा आणि उशीची खोळ टाकायची, की निघाला. बायको रीना वैतागायची. "या घरात उशा आहेत, खोळी नाहीत. पाहुणा आला तर त्याच्या डोक्याखाली काय देऊ मी?"

हे वेड त्याला पोलाद कारखान्यातच लागलं होतं. त्याचे वडील जानराव गोंदियाकडून आले ते प्लांट उभा राहत होता तेव्हा. कैंप-1 मधल्या दोन खोल्यांत त्यांनी संसार केला, पोरांना शिकवलं, आणि प्रेमानंद आयटीआय करून रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन लागला तेव्हा सगळ्या गल्लीत पेढे वाटले. नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात केबलच्या भुयारात एक लांबच लांब धामण उतरली. चार-पाच जणांनी सळ्यांनी तिला ठेचली. धामण लवकर मरेना. पाठ मोडली तरी डोकं उचलून ती भिंतीवर चढायला बघत होती. प्रेमानंदनं त्या दिवशी डबा उघडला नाही.

त्याच्याबरोबर बिसाहू नावाचा एक वयस्कर मदतनीस, कारखान्याच्या भाषेत खलाशी, काम करायचा, जवळच्याच खेड्यातला. पुढच्या खेपेला साप निघाला तेव्हा त्यानं सगळ्यांना मागे सारलं, वाकवलेल्या सळीनं सापाला अलगद उचललं आणि प्रेमानंदकडे बघून म्हणाला, "डरा झन. वोला रस्ता दे दे, वो चल दिही." घाबरू नको, त्याला वाट दे, तो आपला जाईल. बिसाहूनं हळूहळू त्याला सगळं शिकवलं. नंतर वनविभागानं एकदा शिबिर घेतलं तेव्हा प्रेमानंद तिथंही जाऊन आला. मग तेच लोक त्याला फोन करू लागले.

त्या काळी सोडायची काळजीच नव्हती. टाउनशिपची शेवटची क्वार्टरं संपली की धानाचे बांध सुरू व्हायचे. बांधाला लागून बाभळी, परसा म्हणजे पळस, सीताफळीची झुडपं, त्यांत वारुळं. खोळीचं तोंड सैल करायचं आणि दोन पावलं मागे सरायचं. साप क्षणभर जिभेनं हवा चाचपायचा आणि गवतात विरघळून जायचा. प्रेमानंद स्कूटरला टेकून बिडी ओढायचा, टिटव्यांची ओरड ऐकायचा आणि घरी यायचा.

मग शहर पसरायला लागलं. आधी एका बांधावर पत्र्याचं टपरं आलं. मग मुरूम पडला, रस्ता झाला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेघा आखल्या गेल्या. एका वर्षी तो नेहमीच्या जागी मण्यार सोडायला गेला तर तिथं शाळेची कंपाउंड भिंत उभी होती. दुसऱ्या जागेवर मॅरेज लॉन झालं. तिसऱ्या जागेवर ट्रकांचा अड्डा. आणि गंमत अशी, की जितकी रानं गेली तितके फोन वाढले. ज्यांचं बीळ बुजलं, ते साप जाणार कुठं? ते नव्या घरांच्या जिन्याखाली, पाण्याच्या मोटारीच्या खोक्यात, बुटाच्या रॅकमध्ये जाऊन बसू लागले. प्रेमानंद एकाच दिवशी ज्या कॉलनीतून साप उचले, त्याच कॉलनीच्या पलीकडे त्याला सोडायला जागा शोधत हिंडे. उगाच दूर नेऊन सोडण्यात अर्थ नसतो, हे त्याला शिबिरात सांगितलं होतं. अनोळखी मुलखात सापाला ना बीळ सापडतं ना पाणी, तो भटकून मरतो. म्हणजे सोडायचा तर जवळच, आणि जवळ तर माणसं.

अशात त्याला परसाडीहचं पडीत सापडलं. परसाडीह हे शहराच्या कडेचं लहानसं गाव. गावाच्या मागे एक नाला, नाल्याच्या काठी बेशरमीच्या झुडपांची दाट जाळी, आणि पलीकडे कधीकाळी मुरूम खणून सोडून दिलेला मोठा खड्डा. पावसाळ्यात तिथं पाणी साचायचं, बेडूक माजायचे. वारुळं तर जागोजागी. प्रेमानंदनं तिथं घोरपडी पाहिल्या, ससे पाहिले, संध्याकाळी एकदा कोल्हीण आणि तिची पिल्लं खड्ड्याच्या काठावर बसलेली पाहिली. त्याला वाटलं, चला, आपल्या नोकरीपुरती तरी ही जागा टिकेल. त्यानंतर तो जे काही पकडी ते परसाडीहला नेऊन सोडी. कुठं सोडतो हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की बघायला माणसं येतात, आणि माणसं आली की काठ्या येतात.

रीनाचा मोठा भाऊ विजयकुमार रेल्वेतून रिटायर झाला तेव्हा रंगीत कागदाची एक घडी घेऊन आला. त्यावर हिरवीगार झाडं, कारंजं आणि मधोमध मोठं गेट काढलेलं होतं. 'हरितकुंज' असं कॉलनीचं नाव होतं. विजयकुमार खुशीत होता.

"जवाई, दोन प्लॉट लागूनच आहेत. एक मी घेतो, एक तुमी घ्या. क्वार्टर तर आज ना उद्या सोडाच लागन. तिथी मस्त हवा आहे. मांगं नाला आहे, झाडी आहे. तुमची वहिनी आम्रपाली तर आतापासूनच म्हनून राहिली का अंगनात मोगरा लावतो."

"कुठी आलं हे?" प्रेमानंदनं विचारलं.

"परसाडीहच्या मांगं."

प्रेमानंदच्या हातातला चहा हातातच राहिला. त्यानं कसंबसं सांगितलं, की तिथं पावसाळ्यात पाणी भरतं. विजयकुमार हसला. पाणी तर कैंपातही भरतं, तिथं काय माणसं राहत नाहीत?

भाऊ गेल्यावर रीना नवऱ्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"कावून नाई म्हनता? उभ्या जल्मात एक घर मांगतलं मी. माहेरचं मानूस शेजारी राहीन. तुमाले काय अडचन आहे?"

प्रेमानंदनं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "रीना, मी तिथंच साप सोडतो. किती वर्षं झाले सोडून राहिलो. त्यानं कागदावर जिथं गेट काढलं ना, तिथं वारूळ आहे."

रीना म्हणाली, "मंग दादाले सांगा ना आत्ताच्या आत्ता."

"सांगतलं तर तो दुसऱ्याले सांगन, दुसरा तिसऱ्याले. घर घ्यायचे थोडीच थांबतील लोकं? पहिले आग लावतील त्या नाल्याले. सगळं रान जाळून टाकतील. मंग मी कुठी नेऊ सारे?"

"आन कोनाले चावलं तर?"

आपण सोडण्याच्या आधीपासून तिथं साप होतेच, आपण नसतो तरी असतेच, असं तो स्वतःला समजावी. ते खरंही होतं. पण तेवढ्यानं मन निवत नसे. रीनाही भावाजवळ काही बोलली नाही. दोघांनी प्लॉट घेतला नाही एवढंच. विजयकुमारनं घेतला.

वर्षभरात घर झालं. वास्तूच्या दिवशी बुद्धवंदना झाली, सगळे नातेवाईक आले, आम्रपालीनं सगळ्यांना खोल्या दाखवत फिरवलं. आयुष्यभर रेल्वेच्या क्वार्टरात दुसऱ्यानं रंगवलेल्या भिंती बघितलेली ती बाई, तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीला स्वतः निवडून पोपटी रंग दिला होता. पाहुणे खीर खात होते तेव्हा प्रेमानंद कंपाउंडभोवती फिरत होता. नालीला जाळी नव्हती. मागच्या नळाजवळ उरलेल्या टाइल्सचा ढीग तसाच पडला होता. मोरीचं झाकण फुटकं होतं.

"विजयभाऊ, ह्या टाइल्सा उचलून टाका. आन नालीले जाळी लावून घ्या."

"लावू, लावू. तुमाले तर साऱ्या दुनियेत सापच दिसते, जवाई!" विजयकुमारनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि जवळचे चार लोक हसले.

पहिला पावसाळा प्रेमानंदनं कसा काढला ते त्याचं त्याला माहीत. दर रविवारी काही ना काही निमित्त काढून तो मेहुण्याकडे जायचा. जाळी त्यानं स्वतःच आणून बसवली. मोरीला नवं झाकण टाकलं. टाइल्स हलवायला निघाला तर आम्रपाली म्हणाली, "राहू द्या भाऊजी, मांगं कोंबड्याचं खुराडं बांधाचं आहे, तवा लागतील." त्याला जोर करून सांगता येईना. जोर केला की कारण सांगावं लागणार. घरी फोन वाजला की रीना आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघायची. तो मान हलवून नाही म्हणायचा, मग तिचा श्वास सुटायचा. आणि या काळात पकडलेले साप तो कुठं सोडत होता? शिवनाथ नदीच्या काठानं, वीटभट्ट्या ओलांडून, मिळेल त्या झुडपात. एकदा सोडलेला नाग वीटभट्टीवरच्या मजुरांच्या झोपड्यांकडे वळलेला दिसला तेव्हा तो धावत जाऊन त्याला परत खोळीत घालून घेऊन आला.

दुसऱ्या पावसाळ्यात, राखी पौर्णिमेच्या आधी, दिवेलागणीला फोन आला. विजयकुमारचा आवाज ओळखू येत नव्हता.

"जवाई, आम्रपालीले चावलं. टाइल्सात हात घातला न् तिनं..."

"काय होतं? पाह्यलं का?"

"काळा. फडी काढली होती."

"हात हालवू देऊ नका. काही बांधू नका, काही कापू नका. शेजाऱ्याची गाडी काढा न् सरळ दुर्गले दवाखान्यात आना. मी तिथंच येतो. तिले झोपू देऊ नका, बोलत राहा तिच्याशी."

रीनाला मागे बसवून तो निघाला. दवाखान्याच्या दारात गाडी आली तेव्हा आम्रपालीच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. ती काहीतरी सांगत होती, पण जीभ जड झाली होती. सुजलेला हात काळानिळा दिसत होता. डॉक्टर तरुण होता, त्यानं वेळ घालवला नाही. सलाइनमधून लस सुरू झाली. मग श्वासासाठी नळी घालावी लागली. दार बंद झालं आणि बाहेरच्या बाकावर तिघंच उरले.

विजयकुमार भिंतीकडे बघत पुटपुटत होता, "घर घेतलं म्हनून... घर घेतलं म्हनून हे पाहा लागलं." रीना त्याच्या शेजारी बसली होती. तिनं एकदा भावाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर आलं.

"मी म्हनत होती ना तुमाले, दादाले सांगा म्हनून! पहिल्याच दिवशी म्हनलं होतं! तुमीच सोडले ना ते साप तिथी!"

विजयकुमारनं हळूच मान वळवली. "काय म्हनते हे?"

प्रेमानंदनं सगळं सांगितलं. किती वर्षं तिथं जात होता, प्लॉटला नाही का म्हणाला, गप्प का राहिला. काही झाकलं नाही. विजयकुमारनं ऐकून घेतलं. ओरडला नाही, शिवी दिली नाही. उठून बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. प्रेमानंदला त्याच्या ओरडण्याचा झाला नसता इतका त्रास त्या अंतराचा झाला.

सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, की जीव वाचला. बोटाचं मात्र काही सांगता येत नाही.

प्रेमानंद तिथून निघाला तोच हरितकुंजमधून एका ओळखीच्या पोराचा मेसेज आला, अंकल जल्दी आइये, यहाँ सब जला रहे हैं.

तो पोचला तेव्हा नाल्याच्या काठानं जेसीबी फिरत होती. बेशरमीची अख्खी जाळी मुळासकट उपटून तिचे ढीग केले होते आणि ओल्या ढिगांवर डिझेल ओतून आग लावली होती. जाळापेक्षा धूरच जास्त होता. कॉलनीतले बायाबाप्ये रस्त्यावर उभे होते, काहींच्या हातात काठ्या, काहींच्या हातात मोबाइल. एक घोरपड धुरातून निघून डांबरी रस्त्यावर आली आणि तिथंच गोंधळून थांबली, तिला दोघांनी विटेनं मारलं. एक ससा दोन घरांच्या मधून सुसाट गेला. टिटव्यांची एक जोडी जेसीबीच्या फाळावरून पुन्हा पुन्हा झेपावत होती आणि खाली, जिथं त्यांची अंडी असावीत, तिथं आता चाकांचे खोल ठसे होते. आदल्या संध्याकाळी मारलेला नाग कुणीतरी गेटच्या खांबाला टांगून ठेवला होता. प्रेमानंद त्याच्याजवळ गेला. त्यानं त्याचं शेपूट पाहिलं, खवले पाहिले, फडीवरची खूण पाहिली. हा आपण सोडलेला होता का? काहीच कळेना. इतक्या वर्षांत इतके हातातून गेले होते.

दिवाकरराव त्याच्याकडे आले. दुर्गच्या जुन्या मराठी घरातले, बँकेतून रिटायर झालेले, कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष. बोलायला मऊ माणूस.

"गजभिये, तुमच्या कामाचा आम्हाला आदर आहे. पण आमच्याही घरात लहान मुलं आहेत. काल विजयकुमारांच्या घरी झालं, उद्या माझ्या नातवाला झालं तर मी कुणाकडे बघू?"

"साहेब, जाळून ते मरत नाहीत सगळे. जे वाचतात ते पळतात. अन् पळून येतात कुठी? तुमच्याच घरात. आज संध्याकाळी पाहा तुमी."

"मग तुम्ही पकडून न्या ना!"

"नेतो. पण नेऊ कुठी? तुमीच जागा सांगा."

दिवाकररावांनी चष्मा काढून पुसला.

प्रेमानंद वाद घालत बसला नाही. आकडा घेऊन तो धुरात शिरला. दुपारपर्यंत त्यानं जे हाती लागलं ते उचललं, धामणी, एक घोणस, पाणदिवडं, अर्धवट भाजलेला एक नाग जो खोळीतच मेला. संध्याकाळी तो म्हणाला होता तसंच झालं. पहिल्या गल्लीत एकाच्या बाथरूममध्ये, दुसऱ्या गल्लीत एकाच्या स्कूटरखाली, साप निघत गेले आणि बाया किंचाळत राहिल्या. ज्यांनी दुपारी काठ्या धरल्या होत्या तेच आता त्याला हाका मारत होते, "भैया, इधर! भैया, पहले इधर!" त्या सगळ्या खोळी त्यानं वनविभागाच्या स्वाधीन केल्या. गाडीवाला म्हणाला, दूरच्या जंगलात सोडतो. प्रेमानंदला माहीत होतं, त्यांतले निम्मेही जगायचे नाहीत.

रात्रीतून पाऊस लागला. नाल्याला पाणी आलं आणि जेसीबी चिखलात रुतली. ती काढायलाच आठवडा गेला, त्यामुळे नाल्याच्या वरच्या अंगाची जाळी आणि खड्ड्याभोवतीचं रान तेवढं वाचलं. ते काही कुणी ठरवून वाचवलं नव्हतं.

आम्रपाली घरी आली तेव्हा तिचं एक बोट अर्ध्यावर कापलेलं होतं. प्रेमानंद बरेच दिवस तिकडं गेला नाही. जायचं तोंड नव्हतं. कारखान्यात चुकीचं पॅनल उघडलं म्हणून फोरमननं त्याला बाजूला बसवलं. फोन वाजला की मात्र तो उचलायचाच. रीना त्याच्याशी जेवणापुरतं बोलत होती. एक दिवस तीच म्हणाली, "वहिनीनं बोलावलं तुमाले. मी पन येतो."

आम्रपाली पलंगावर उशीला टेकून बसली होती. विजयकुमार दाराशी खुर्ची टाकून बसला होता, त्यानं मान वर केली नाही.

"भाऊजी, एकच गोष्ट विचारतो. मले चावला तो तुमीच सोडलेला होता का?"

प्रेमानंदला 'नाही' म्हणता आलं असतं. खांबाला टांगलेल्या त्या सापावरून कुणीच काही सिद्ध करू शकणार नव्हतं.

"मले माहीत नाई, वहिनी," तो म्हणाला. "असन. नसनबी. मी पाह्यलं, पन वळखू नाई आला."

आम्रपाली आपल्या बांधलेल्या हाताकडे बघत राहिली. "माह्या बापाच्या घरी, साकोलीकडे, दरसाल साप निघे. माय आमाले अंधारात हात घालू देत नव्हती कुठीच. शहरात राहून राहून मी इसरून गेली." मग ती एकदम चिडून म्हणाली, "पन तुमी सांगाले पाहिजे होतं. टाइल्सा उचला म्हनलं तुमी, कावून ते नाई सांगतलं. सांगतलं असतं तर मी हात घातला नसता. घर बी घेतलं असतं न् हात बी घातला नसता."

"हो," प्रेमानंद म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "माही चूक झाली."

मग दाराशी बसलेल्या विजयकुमारनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "आता आमाले दुसरीकडे तर जाता येत नाई. सारं याच्यात घातलं. इथंच राहा लागन. मंग इथं कसं राहाचं ते सांगा. आमालेच नाई, साऱ्याईले सांगा."

त्या रविवारी दिवाकररावांच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. प्रेमानंदनं आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं. तो अडखळत, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलला. त्यानं सरळ सांगितलं, की तो इथं वर्षानुवर्षं साप सोडत होता. लोकांत गलका उठला. एकजण उठून म्हणाला, याच्यावर केस करा. एक बाई रडायला लागली. प्रेमानंद तसाच उभा राहिला. गलका कमी झाल्यावर त्यानं सांगितलं, की कचरा नाल्यात टाकू नका, उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात. घराच्या मोऱ्यांना, गटारांना जाळ्या लावा. बॅटरीशिवाय अंधारात पाय टाकू नका. आणि नाल्याच्या वरच्या अंगाची बेशरमीची जाळी तेवढी राहू द्या, सापांना जायला जागा असली तर ते तुमच्या दारात कमी येतील.

"कमी येतील म्हणजे?" दिवाकररावांनी विचारलं. "येणार नाहीत, असं नाही?"

"असं मले सांगता येत नाई, साहेब. आपन त्याईच्या घरात आलो."

मत पडलं नाही, ठराव झाला नाही. दिवाकरराव शेवटी एवढंच म्हणाले, "या पावसाळ्यापुरतं राहू द्या. उन्हाळ्यात बघू." काही लोक तोंड वाकडं करून उठून गेले. उन्हाळ्यात कॉलनीचा दुसरा टप्पा सुरू होणार आहे, खड्डा बुजवून तिथं प्लॉट पाडणार आहेत, असं पोरं आपापसांत बोलत होती. प्रेमानंदनं ते ऐकलं.

त्यानंतर दहाबारा दिवसांनी तिसऱ्या गल्लीत पाण्याच्या टाकीमागे धामण निघाली. फोन दिवाकररावांनीच केला. प्रेमानंदनं तिला खोळीत घातलं आणि सवयीनं स्कूटरकडे निघाला, मग थांबला. कुठं जायचं? शिवनाथकाठच्या त्या झुडपापर्यंत आता रस्त्याचं काम आलं होतं.

तो वळला आणि सगळ्यांदेखत कॉलनीच्या रस्त्यानंच नाल्याकडे चालू लागला. ऊन चांगलं वर आलं होतं. गेटवरचा पहारेकरी बघत राहिला. गॅलऱ्यांत बाया आल्या. विजयकुमार आपल्या घरातून निघाला आणि त्याच्या मागे थोडं अंतर ठेवून चालू लागला. दिवाकरराव नातवाचा हात घट्ट धरून रस्त्याच्या कडेला उभे होते.

नाल्याच्या काठावर प्रेमानंदनं खोळीचं तोंड सैल केलं. धामण बाहेर आली, लांब होत गेली, जळालेल्या काळ्या पट्ट्यावर घुटमळली. लोकांच्या अंगावर काटा आला. कुणीतरी "अरे, इधर आ रही है" म्हणालं आणि दोन-तीन जण मागे पळाले. पण धामणीनं वरच्या अंगाकडे तोंड वळवलं आणि उरलेल्या जाळीत शिरली. बेशरमीची पानं जरा हलली, मग थांबली.

"पुन्हा आली तर?" दिवाकररावांनी लांबूनच विचारलं.

"येईन," प्रेमानंद म्हणाला. "फोन करा."

खोळ झटकून त्यानं घडी केली. विजयकुमार त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला होता. नाल्यापलीकडे, मुरमाच्या खड्ड्याच्या काठानं, कुणीतरी नव्या लाकडी खुंट्या ठोकून गेलं होतं आणि त्यांना लाल फडक्याच्या चिंध्या बांधल्या होत्या. दोघांनीही त्या पाहिल्या. विजयकुमारनं खिशातून बिडीचं बंडल काढून एक प्रेमानंदला दिली, एक स्वतः पेटवली आणि विचारलं, "जवाई, उन्हाळ्याले किती महिने आहेत?"